उगारलेला हात

थप्पड उगारणं आणि थप्पड बसणं यांच्यामध्ये जेवढा वेळ जातो, तेवढ्यात मारधाडीच्या सिनेमाचा ट्रेलर संपतो. हात खाली आला की सिनेमा सुरू झाला.

शाळेत मार खाल्लेल्यांना हे वेगळं सांगायला नको. मास्तरांनी छडी वर नेली की पोटात जो गोळा उठायचा, त्यापुढे छडी किरकोळ होती. छडी एकदा लागली की हात चोळण्याचं काम तरी मिळायचं.

*

‘केजीएफ : चॅप्टर २’चा टीझर जानेवारी २०२१ मध्ये आला. तेव्हा करोनामुळे थिएटरात एकाआड एक खुर्चीवर फुल्या होत्या. टीझरात नायक यश एका भल्यामोठ्या मशीनगनमागे बसतो. समोरच्या गाड्या हवेत उडतात. मग सगळं शांत. नळी तापून लाल झालेली असते. तो वाकतो आणि त्या लाल नळीवर सिगारेट पेटवून घेतो.

गाड्यांत कोण होतं, त्यांचा गुन्हा काय, टीझर सांगत नाही. आपणही विचारत नाही.

गोळीबार मी केव्हाच विसरलो असतो, तसे रोज पाहतो. सिगारेट विसरलो नाही. गोळ्या झाडायला ताकद पुरते. झाडून झाल्यावर घाई नसणं याला रुबाब म्हणतात. आणि टीझर विकत होता तो रुबाबच. सिनेमा पडद्यावर लागला तो १४ एप्रिल २०२२ ला. पंधरा महिने हात वरच्या वर.

*

ट्रेलर म्हणजे मागून ओढत नेलेला. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे असतो, तसाच. सिनेमातल्या ट्रेलरचं नावही एके काळी खरं होतं. तो खेळ संपल्यावर दाखवत. पण खेळ संपला की माणसं चपला शोधत उठायची. वरातीमागून आलेल्या त्या घोड्याकडे कोण बघणार? घोडं पुढे आणलं. नाव बदलायचं तेवढं राहून गेलं.

१९१३ च्या अखेरीस अमेरिकेत ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन’ ही चित्रमालिका सुरू झाली. नायिकेला संकटात लोटायचं आणि पुढचं पाहायला पुन्हा या म्हणायचं, हा तिचा धंदा. ती बिचारी हिंस्र जनावरांच्या तावडीत सापडायची ते संस्थान हिंदुस्थानातलं, नाव ‘अल्लाहा’. कुठल्याच नकाशात नसलेलं. म्हणजे परक्यांची उत्कंठा ताणण्याच्या कामी आपला देश पहिल्यापासून हजर आहे.

त्याच वर्षी ३ मे रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फाळक्यांची एक जाहिरात प्रसिद्ध आहे: ५७ हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, किंमत फक्त तीन आणे. सत्त्व नाही, स्मशान नाही, तारामती नाही. माल मोजून दाखवला. आज सिनेमाच्या आधी त्याचा कोटींतला खर्च सांगत फिरतात, तेव्हा मला तो दोन मैलांचा हिशेब आठवतो. फाळक्यांचा निदान मोजून बघता आला असता.

*

आपल्याकडे या कलेला नाव फार जुनं आहे. नाट्यशास्त्रात तिला ‘प्ररोचना’ म्हणतात. नाटक सुरू होण्याआधी प्रेक्षकाच्या मनात रुची उत्पन्न करायची. ‘रत्नावली’तला सूत्रधार ती चार गोष्टींनी साधतो: कवी निपुण आहे, कथा मनोहर आहे, आम्ही नट कसलेले आहोत आणि ही सभा गुणांची कदर करणारी आहे.

पहिल्या तिन्ही गोष्टी आजचा ट्रेलर करतो. दिग्दर्शकाचं नाव धूळ उडवत येतं, नायकाचं नाव लोखंड फोडून येतं. चौथी मात्र गळाली. प्रेक्षकाला ‘तुम्ही रसिक आहात’ असं आता कोणी म्हणत नाही. त्याला गदागदा हलवतात, तो जागा आहे की नाही याची खात्री नसल्यासारखं.

*

तबलजी तिहाई घेतो. एकच तुकडा तीनदा. पहिल्यांदा आपण ऐकतो, दुसऱ्यांदा ओळखतो, तिसऱ्यांदा मान आपोआप पुढे जाते आणि थाप समेवर पडते. ट्रेलरचा संकलक हीच तिहाई बांधतो. ठोसा, काळोख. स्फोट, काळोख. नायक कड्यावरून झेपावतो, काळोख. तिसऱ्यांदा मात्र थाप पडत नाही. सम तिकीटबारीवर.

त्या काळोखाच्या आधी एक आवाज चढत जातो, धावपट्टीवरच्या विमानासारखा. संकलक त्याला रायझर म्हणतात. तो टोकाला पोचला की एकदम बंद. त्या अर्ध्या सेकंदात मी पडद्याकडे न बघता शेजारी बघतो, ही माझी वाईट सवय. गेल्या वेळी शेजारच्या खुर्चीत एक गृहस्थ होते. पॉपकॉर्नची मूठ डबा आणि तोंड यांच्या मधोमध थांबलेली. पडद्यावर तलवार वर, इकडे मूठ वर. दोन्ही कशासाठी तरी खोळंबलेल्या.

*

२०१० च्या ‘इन्सेप्शन’च्या ट्रेलरांमध्ये तो ‘ब्राऽऽम’ घुमला आणि पुढे कित्येक वर्षं कुठलाही सिनेमा त्याच्याशिवाय जाहीर होईना. पितळी वाद्यांचा, छातीवर हात ठेवून ढकलल्यासारखा आवाज. गिरणगावात भोंगा झाला की माणसं डबा घेऊन चालायला लागत. हा नवा भोंगा झाला की माणसं बसल्या जागी गप्प होतात.

*

अंगावर आलेला काटाही पुष्कळदा उसना असतो. ट्रेलर कापायला घेतात तेव्हा सिनेमाचं स्वतःचं संगीत तयार नसतं. मग दुसऱ्याचं लावतात. ‘एलियन्स’साठी (१९८६) जेम्स हॉर्नरनं रचलेला एक तुकडा नंतर इतक्या ट्रेलरांमध्ये वाजला की तो कुठल्या घरचा, हेच लोक विसरले. आचाऱ्याच्या भांड्यांसारखं. आज या लग्नात, उद्या त्या.

*

‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’च्या (२०१५) ट्रेलरला वेर्दीच्या मृतात्म्यांसाठीच्या प्रार्थनेतलं संगीत जोडलं होतं. वाळवंटात ट्रक उलटतायत, वर कयामतीचं समूहगान. हे उसनं घेणं मला चोरीसारखं वाटत नाही; ज्यानं ते लावलं त्याला दोन्ही गोष्टी नीट ऐकू आल्या होत्या.

या सिनेमापाशी थोडं थांबलं पाहिजे, कारण ट्रेलर ज्या गतीनं दोन मिनिटं पळतो, त्या गतीनं हा जवळजवळ दोन तास पळतो आणि तरी डोकं दुखत नाही. चित्रीकरण झालं होतं सुमारे ४८० तासांचं. संकलन केलं मार्गारेट सिक्सेल यांनी. त्यांनी तोवर मारधाडीचा सिनेमा कापलेला नव्हता आणि दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, त्या हव्या होत्या त्या नेमक्या याच कारणानं. सराईत माणसानं तो इतरांसारखा केला असता. त्या कामाचं ऑस्कर त्यांना मिळालं.

युक्ती सांगितली तर साधी आहे. मिलर यांनी छायाचित्रकार जॉन सील यांना बजावलं होतं की महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मध्यावर ठेवा. चेहरा मध्यावर, बंदूक मध्यावर, उडणारा माणूस मध्यावर. शॉट बदलला तरी डोळ्याला जागेवरून उठावं लागत नाही. एक शॉट सेकंदभरही टिकत नसेल तर काय बघायचं हे शोधण्यातच तो निघून जातो. इथे शोधायचंच नाही.

जत्रेतला बायोस्कोपवाला हे ओळखून होता. त्याच्या पेटीला एका गिऱ्हाइकामागे भोक एकच, डोळा जाणार कुठे?

बहुतेक ट्रेलर नुसता वेग उचलतात, मध्य उचलत नाहीत. म्हणून ते पाहून झाल्यावर काहीतरी फार मोठं घडलं एवढंच आठवतं. काय, ते नाही.

*

रेडिओवर ट्रेलर ऐकलेल्या पिढीतला मी. विविध भारतीवर नव्या सिनेमाचा पंधरा मिनिटांचा प्रायोजित कार्यक्रम लागायचा, अमीन सयानींचा आवाज, मधे संवाद, मधे गाण्याचं तोंड. आणि मधेच काच फुटायची. कोणी फोडली, कोणाच्या डोक्यावर, काही दिसत नसे. मी भाकरी खाता खाता ती मारामारी स्वतः रचायचो. इतकी चांगली मारामारी मला पुढे कुठल्याही फाइट मास्टरनं दाखवली नाही.

*

‘टर्मिनेटर २’ (१९९१) रचलाय असा की आधीच्या भागात मारायला आलेला यंत्रमानव या वेळी मुलाला वाचवायला आलाय, हे बराच वेळ आपल्याला कळू नये. ट्रेलरनं ते उघड सांगून टाकलं.

उलट ‘ॲव्हेंजर्स : इन्फिनिटी वॉर’च्या (२०१८) ट्रेलरात हल्क रणांगणावर सगळ्यांबरोबर धावत येतो. सिनेमात तो त्या रणांगणावर येतच नाही. अख्ख्या लढाईत बाहेर यायचंच नाकारतो. गुपित राखण्यासाठी खोटं दृश्य बनवून लावलं होतं.

मी खोट्याला माफ केलं. खऱ्याला अजून नाही.

*

पण गुपित फुटलं की मजा गेली, हे मराठी माणसाला कोणी शिकवावं? २०१९ च्या नोव्हेंबरात ‘तान्हाजी’चा ट्रेलर आला. त्यात लपवण्यासारखं काय होतं? कोंढाणा १६७० मध्ये घेतला, घेणारा परत आला नाही, हे चौथीच्या पुस्तकापासून पाठ. तरी माणसं गेली. पोवाडा ऐकायला बसलेल्यांपैकी शेवट माहीत नसलेला एकही नसतो. दोर कापल्याचं शाहीर सांगतो तेव्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखे श्वास रोखतात.

काय होणार याची उत्सुकता लवकर विटते. कसं होणार याची पिढ्यान्‌पिढ्या पुरते. ‘तान्हाजी’चा ट्रेलर त्या दुसऱ्या उत्सुकतेवर जगत होता. त्यातला संगणकी कडा मला फार गुळगुळीत वाटला, ही वेगळी तक्रार. सिंहगड चढताना ज्यांचे गुडघे बोलतात त्यांना कड्याची खरी जात ठाऊक असते.

*

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण ज्या चुलीपाशी जन्मली तिथे पळीला लागेल ते शीत बोटानं चेपत. ट्रेलरवाला सगळं पातेलं उपसून एक शीत निवडतो, त्याला तूप लावतो आणि पुढे करतो.

२०१६ च्या ‘फॅन’ची गोष्ट. जाहिरातीत ‘जबरा’ गाणं धडाक्यात वाजलं, सिनेमात ते नव्हतंच. महाराष्ट्रातल्या एक प्रेक्षक बाई ग्राहक मंचात गेल्या. राज्य आयोगानं १० हजार रुपये भरपाई आणि ५ हजार खर्च द्यायला सांगितलं, राष्ट्रीय आयोगानं ते कायम ठेवलं. प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि २२ एप्रिल २०२४ ला उलटलं. ट्रेलर एकतर्फी असतो, न्यायालय म्हणालं. तो देकार नव्हे, त्यातून करार होत नाही.

कायद्याच्या बाजूनं बिनचूक. पण मला त्या बाईंचं कौतुक वाटतं. आपण सगळे ‘काय भंकस निघाला’ म्हणत पार्किंगकडे चालू लागतो. एकीनं मागे वळून पावती दाखवली.

अमेरिकेत २०११ मध्ये ‘ड्राइव्ह’वरून असाच दावा झाला होता. ट्रेलर पाहून गाड्यांची पळापळ अपेक्षिली, निघाला एक गप्प बसणारा ड्रायव्हर. मला तो ड्रायव्हर आवडला. मी ट्रेलर पाहिला नव्हता.

*

जानेवारी २०२५ मध्ये ‘छावा’चा ट्रेलर आला. तलवारी, घोडे, आग, सगळं जागच्या जागी. लोकांचं बोट मात्र थांबलं ते संभाजी महाराज लेझीम खेळतात त्या क्षणावर. विरोध झाला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर राज ठाकरेंना जाऊन भेटले आणि ते दृश्य काढून टाकलं. १४ फेब्रुवारीला सिनेमा लागला तेव्हा ट्रेलरात होतं ते सिनेमात नव्हतं.

म्हणजे ‘फॅन’सारखंच झालं. भरपाई मागायला मात्र कोणी गेलं नाही.

उगारलेला हात प्रेक्षकालाही असतो, हे निर्मात्यांना अलीकडे कळलंय. ट्रेलर आता तिकीट विकायच्या आधी अंदाज घ्यायला येतो. कौल लावल्यासारखा.

*

२००१ साली ‘स्पायडर-मॅन’चा एक टीझर दाखवत. बँक लुटून चोर हेलिकॉप्टरनं पळतात. हेलिकॉप्टर हवेत अडकतं, मागे मागे ओढलं जातं. कॅमेरा दूर जातो तेव्हा कळतं, न्यूयॉर्कच्या दोन जुळ्या मनोऱ्यांच्या मधे एक प्रचंड जाळं विणलंय आणि हेलिकॉप्टर त्यात माशीसारखं लटकतंय. हा प्रसंग फक्त टीझरसाठी रचलेला, सिनेमात कधीच नसणारा. ११ सप्टेंबरनंतर तो मागे घेतला.

सिनेमा पुढच्या वर्षी लागला. जाळं होतं. बांधायला खांब उरले नव्हते.

*

नमनाला घडाभर तेल जळायचे ते दिवस गेले. आता नमनालाही नमन लागतं. यूट्यूबवरची जाहिरात पाच सेकंदांनंतर ढकलता येते, म्हणून ट्रेलरच्या आधी ट्रेलरचाच पाच सेकंदांचा ट्रेलर लावतात. २०१६ च्या ‘जेसन बॉर्न’ला तो लावलेला मी पहिल्यांदा पाहिला आणि मला वाटलं मोबाइल बिघडला.

अंगठ्याशी लढाई आहे. नायक शंभर जणांना लोळवतो ते खलनायकासाठी नाही, त्या एका अंगठ्यासाठी.

एसटी स्टँडवर बाकावर शेजारी एक मुलगा बसला होता, अकरावी-बारावीतला. एका नव्या ॲक्शनपटाचा ट्रेलर आवाज बंद करून बघत होता. थांबवायचा, दोन बोटांनी चित्र मोठं करायचा, पुन्हा सोडायचा. मी डोकावतोय हे त्याला कळलं.

“काका, हे बघा. ह्याच्या मनगटावर जे गोंदलंय ना, तेच त्या मेलेल्या माणसाच्या हातावर होतं. म्हणजे हा त्याचा भाऊ.”

“कोणाचा?”

“ते अजून कळलं नाहीये. पण भाऊच.”

“किती वेळा पाहिलास?”

“मोजलं नाही. पंधरा तरी.”

“मग सिनेमाला जाणार असशील.”

त्यानं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. “बघू. मोबाइलवर येईलच की.” आणि पुन्हा मनगटाकडे वळला. भावाची गोष्ट त्यानं जवळजवळ पूर्ण केली होती. सिनेमावाल्यांनी तिच्यात लुडबूड करण्याची त्याला गरज दिसत नव्हती.

*

आमच्या गावच्या टॉकीजबाहेर काचेची दोन कपाटं होती, पुढून जाळी मारलेली. एकावर ‘चालू खेळ’, दुसऱ्यावर ‘आगामी आकर्षण’. आत टाचण्यांनी टोचलेले फोटो. ऊन खाऊन त्यांचे लाल रंग उडायचे आणि सगळे नट कावीळ झाल्यासारखे दिसायचे.

एकदा ‘आगामी’त एक फोटो लागला. मालगाडीच्या टपावर दोघे. एक आडवा पडलेला, दुसऱ्यानं दोन्ही हातांनी कुऱ्हाड डोक्यावर नेलेली. मागे बोगद्याचं काळं तोंड. कुऱ्हाड आधी पडणार की बोगदा आधी येणार? शाळेत जाता-येता महिनाभर मी जाळीला नाक लावून उभा राहिलो. नाकावर जाळीची नक्षी घेऊन वर्गात गेलो.

सिनेमा लागला. पैसे जमवून गेलो. मालगाडी आली नाही. इंटरव्हलपर्यंत वाट पाहिली, मग शेवटपर्यंत, मग दिवे लागल्यावरही बसून राहिलो, कदाचित अजून असेल म्हणून.

आठवड्यानं खेळ बदलला तेव्हा टॉकीजचा माणूस कपाट उघडून टाचण्या काढत होता. मालगाडी त्याच्या हातात होती. मी धीर करून विचारलं, हा फोटो सिनेमात नव्हता.

“पेटीत होता, लावला,” तो म्हणाला.

मग त्यानं शेजारच्या कपाटात पाहिलं. पुढच्या सिनेमाचे फोटो कमी पडले होते, खालच्या ओळीत एक जागा रिकामी होती. त्यानं तोंडातली टाचणी काढली आणि मालगाडी तिथे टोचली.